प्रवासी स्टोव्ह : निवड आणि इंधन भरण्याची रीति

पावसाळा ओसरला, रानांतल्या वाटा कोरड्या झाल्या, कीं आमच्या विद्यार्थ्यांना गडकोटांचे वेध लागतात. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं पंधरा दिवस तरी वर्गांत सहलीवांचून दुसरा विषय नसतो. राहुटी किती जणांची, तांदूळ किती घ्यावयाचा, दोर कोणी आणावयाचा, याच्या याद्या होतात. या याद्यांत ‘स्टोव्ह’ हा शब्द बहुधा शेवटीं येतो आणि त्याच्यापुढें ‘कोणाकडे तरी असेल’ एवढेंच लिहिलेलें असतें. वस्तुतः सगळ्या सामानांत जिवाशीं गांठ असलेली वस्तु हीच. म्हणून यंदाच्या अंकांत तिच्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी सांगाव्या असें आम्हांस वाटलें.

आमच्या लहानपणीं असा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. तेव्हां पुष्कळ घरांत पितळी स्टोव्ह असे. आई रॉकेलांत भिजवलेला काकडा बर्नरखालीं लावी, तो विझतां विझतां पंप मारी, ज्योत कमी झाली तर पिन मारी, आणि तेल संपलें तर स्टोव्ह बाजूस सरकवून निवूं देई. हें सारें रोज डोळ्यांसमोर घडत असल्यामुळें मुलांस तें न शिकवतां येई. पुढें घरोघरीं गॅस आला. रॉकेलाचा डबा स्वयंपाकघरांतून गेला, आणि त्याबरोबर तें शहाणपणहि गेलें. आजचा विद्यार्थी द्रव इंधनाचा स्टोव्ह पहिल्यानें पाहतो तो एखाद्या शिबिरांत, तिन्हीसांजेच्या वेळीं, पोटांत भूक असतांना. शिकण्यास याहून वाईट वेळ कोणती असणार? तेव्हां जें पूर्वीं घरांत आपोआप मिळत होतें तें आतां पाठ म्हणून शिकलें पाहिजे.

स्टोव्ह जळतो कसा

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की करावी. द्रव इंधन स्वतः जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ. ही वाफ किती सहज निघते यावर त्या इंधनाचा स्वभाव अवलंबून असतो.

पेट्रोलावर पेट घेण्याइतकी वाफ शून्याखालीं ४० अंशांसहि जमते. म्हणजे आपल्याकडील कडक थंडींतहि उघड्या पेट्रोलाभोंवतीं नेहमींच ज्वालाग्राही वाफ असते. ती हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत पसरते आणि कांहीं पावलांवर जळत असलेल्या दिव्यापर्यंत न दिसतां जाऊन पोंचते. स्पिरिटावर अशी वाफ साधारण १३ ते १७ अंशांस जमूं लागते, म्हणजे आपल्या हवेंत तेंहि पेट घेण्यास सदैव सिद्ध असतें. रॉकेलाला मात्र त्यासाठीं ३५ ते ४० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून या तिघांत रॉकेल त्यांतल्या त्यांत संथ स्वभावाचें. परंतु हा संथपणा स्थिर तेलापुरताच आहे. तेंच रॉकेल फडक्यांत भिजलें किंवा त्याचा बारीक फवारा उडाला, तर तें पेट्रोलाइतक्याच तत्परतेनें पेटतें. हें वाक्य विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. पुढें त्याचें काम पडणार आहे.

रॉकेलाच्या या मंद स्वभावामुळेंच त्याला आधीं तापवावें लागतें. स्टॉकहोम येथील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनीं १८९२ सालीं यावर उपाय काढला. टाकींत पंपानें हवा भरावयाची. त्या हवेच्या दाबानें तेल बर्नरच्या तापलेल्या नळ्यांत चढावयाचें. तेथें त्याची वाफ होऊन ती एका सूक्ष्म छिद्रांतून जोरानें बाहेर पडावयाची आणि हवेंत मिसळून निळी, निर्धूर जळावयाची. वातीची गरज नाहीं, काजळी नाहीं. हाच ‘प्रायमस’. नॅन्सेन यांनीं १८९५ सालीं उत्तर ध्रुवाच्या दिशेनें केलेल्या प्रवासांत तो त्यांच्या स्लेजवर होता. ॲमुंडसेन १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर पोंचले तेव्हां त्यांच्याजवळहि तोच होता. आणि २९ मे १९५३ च्या पहांटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर हिलरी यांचे बूट गोठून लांकडासारखे झाले, तेव्हां तेनसिंग आणि ते ज्या स्टोव्हावर बर्फ वितळवून पाणी करीत होते त्याच स्टोव्हावर त्यांनीं ते बूट शेकून मऊ केले. जगांतील सर्वांत उंच शिखराच्या वाटेवर आपल्या आजीच्या ओट्यावरचाच गडी राबत होता, हें ऐकून कोणाला आनंद होणार नाहीं?

कोणता स्टोव्ह निवडावा

प्रवासी स्टोव्हांचे मुख्य प्रकार तीन. पहिला स्पिरिटाचा. स्वीडनमधील ट्रांगिया कंपनीनें १९५१ सालीं वाऱ्यापासून आडोसा करणारा असा एक स्टोव्ह प्रसिद्धीस आणला. त्यांत एक पितळी वाटी, तिच्याभोंवतीं पत्र्याचा आडोसा आणि वर भांडें, इतकेंच असतें. पंप नाहीं, पिन नाहीं, बिघडण्यासारखें कांहींच नाहीं. उणीव ही कीं, सारख्याच वजनाच्या रॉकेलापेक्षां स्पिरिट सुमारें तीन-पंचमांश उष्णता देतें. आणि भर उन्हांत त्याची ज्योत डोळ्यांस दिसतच नाहीं.

दुसरा प्रकार दाबाच्या रॉकेल स्टोव्हाचा. त्याचें वर्णन वर आलेंच आहे. तिसरा पेट्रोलाचा, किंवा पेट्रोलासारख्याच पण अधिक शुद्ध अशा नॅफ्थ्याचा. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं अमेरिकन सैनिकांसाठीं कोलमन कंपनीनें असा लहान स्टोव्ह केला. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें लॅरी पेनबर्थी यांनीं टाकी बर्नरपासून निराळी काढली: इंधनाची बाटली तीच टाकी, आणि तिच्यापासून बर्नरपर्यंत एक नळी. बाटली आंचेपासून दूर राहिल्यानें ती तापत नाहीं, हा त्यांतील मोठा गुण. आज हिमालयांत जाणारे कांहीं गिर्यारोहक याच धर्तीचे स्टोव्ह वापरतात. लहान डब्यांतल्या गॅसमधील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ होण्याचेंच थांबतें. द्रव इंधनास पंपाचा दाब असल्यामुळें थंडीची तितकी बाधा होत नाहीं.

मग निवड कशी करावी? आम्ही तीन प्रश्न विचारतों. जावयाचें कोठें? तेथें इंधन कोणतें मिळेल? आणि स्टोव्ह हाताळणार कोण? बर्फांत जाणाऱ्या अनुभवी गिर्यारोहकास पेट्रोलाचा स्टोव्ह शोभतो. सह्याद्रींत एक रात्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांस त्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. मोटारीचें पेट्रोल इंजिनासाठीं केलेलें असतें. त्यांतील मिश्रणांनीं स्टोव्हाचें छिद्र बुजतें, आणि सुट्या बाटलींत तें देण्यावर नियमांनीं निर्बंधहि घातलेले आहेत. विद्यार्थ्यांच्या सहलीस, शिक्षक जवळ असतांना, रॉकेलाचा दाबाचा स्टोव्ह किंवा दोघातिघांपुरता स्पिरिटाचा स्टोव्ह, हे दोनच प्रकार आम्हांस योग्य वाटतात. जेथें वनखात्यानें किंवा पुरातत्त्वखात्यानें विस्तवास मनाई केली आहे तेथें तेहि नकोत. तेथें दशम्या आणि चटणी हाच उत्तम स्वयंपाक.

स्टोव्ह विकत घेतांना किंवा मागून आणतांना तो बसका व रुंद पायांचा आहे ना, भांडें ठेवल्यावर डुगडुगत नाहीं ना, तें पाहावें. झाकणाचा वायसर वाळून चिरलेला असेल तर नवा घालावा. टाकी कोरडी पुसून, हवा भरून, दहा मिनिटें कागदावर ठेवावी. कागदावर डाग पडला तर तो स्टोव्ह सहलीस नेऊं नये. आणि जो स्टोव्ह घराच्या अंगणांत दोनदां पेटवून पाहिलेला नाहीं तो गडावर प्रथम पेटवूं नये.

तेल किती न्यावें

येथें वर्गांतलें गणित कामास येतें. एक लिटर पाणी २५ अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारें २९४ किलोज्यूल उष्णता लागते. एक मिलिलिटर रॉकेल जळून सुमारें ३४ किलोज्यूल देतें. पण निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असें धरलें तर हातीं १७ च राहते. म्हणजे एक लिटर पाण्यास सुमारें १७ मिलिलिटर रॉकेल. स्पिरिटाचा हाच हिशेब केला तर सुमारें २८ मिलिलिटर येतात. वीस जणांच्या तीन लिटर चहास रॉकेल ५० मिलिलिटरांच्या आसपास लागेल. डाळभातास पाणी उकळल्यावरहि बराच वेळ आंच लागते, आणि उंचीवर तो वेळ वाढतो. कळसूबाईच्या शिखरावर, १६४६ मीटर उंचीवर, पाणी सुमारें ९५ अंशांसच उकळतें. त्यामुळें डाळ शिजण्यास उशीर होतो. म्हणून घरीं त्याच स्टोव्हावर तेवढीच डाळ शिजवून किती तेल गेलें तें मोजावें, आणि त्याच्या दीडपट न्यावें.

हा हिशेब काटकसरीसाठीं आहे असें कोणी समजूं नये. त्याचें खरें कारण पुढें सांगतों.

तेल ठेवावें कशांत

इंधनाची बाटली धातूची, घट्ट आट्यांच्या झाकणाची आणि केवळ त्याच कामासाठीं ठेवलेली असावी. ती तीन-चतुर्थांशच भरावी. उन्हांत तेल फुगतें, त्यास जागा पाहिजे. बाटलीवर इंधनाचें नांव ठळक अक्षरांत लिहावें. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत रॉकेल कधींहि भरूं नये. अंधारांत तहानलेलें मूल लेबल वाचीत नाहीं.

झाकणाचें महत्त्व किती, हें कॅप्टन स्कॉट यांच्या शेवटच्या प्रवासावरून दिसतें. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवावरून परततांना त्यांनीं वाटेंत पुरून ठेवलेले रॉकेलाचे डबे उघडले, तों प्रत्येक ठिकाणीं तेल कमी भरलें. बुचांचे कातडी वायसर थंडींत निकामी झाले होते आणि तेल हळूहळू उडून गेलें होतें. तेल नाहीं म्हणून बर्फ वितळत नाहीं, बर्फ वितळत नाहीं म्हणून पाणी नाहीं. पुढच्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर ते आणि त्यांचे दोन सोबती राहुटींत मरण पावले. त्यांच्या मृत्यूचीं कारणें अनेक होतीं. पण त्यांत एक कातड्याचा वायसरहि होता. ॲमुंडसेन यांनीं आपले डबे डाख देऊन बंद केले होते.

तेल भरण्याची रीति

आतां मुख्य विषय. तो सांगण्यापूर्वीं आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें आमचें कर्तव्य आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीं आम्ही बावीस विद्यार्थ्यांसह राजगडाच्या पायथ्याशीं, गुंजवण्याच्या बाहेर उतरलों होतों. अंधार पडूं लागला होता. पितळी स्टोव्हावर डाळ अर्धीकच्ची होती, आणि ज्योत बसूं लागली. स्टोव्हाचें काम नववींतल्या एका मुलाकडे होतें. तो म्हणाला, “सर, तेल संपलें.” आम्ही शिध्याचा हिशेब मांडीत बसलों होतों. मान वर न करतां आम्ही म्हणालों, “भर कीं मग. लवकर भर, मुलें उपाशी आहेत.” त्या आज्ञाधारक मुलानें लवकर केलें. टाकींत अजून हवा कोंडलेली होती आणि बर्नर लाल होता. त्यानें हवा सोडण्याची चावी न उघडतां एकदम तेलाचें झाकण फिरवलें. फुस्स असा आवाज झाला, तेलाचा फवारा उडून बर्नरवर गेला, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ज्वाळेंत होता. दुसऱ्या एका मुलानें प्रसंगावधान राखून ओलें पोतें टाकलें, म्हणून तेवढ्यावर निभावलें. हात बरा झाला, डाग राहिले.

रात्रीं दवाखान्यांत त्याची आई आली. तिनें आकांत केला नाहीं, बोल लावला नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “सर, तुम्ही तेथेंच होतां ना?” आम्ही ‘होतों’ म्हणालों. तें उत्तर खरें होतें, आणि खरें नव्हतेंहि.

त्या दिवसापासून आम्हीं कांहीं नियम ठरवले आहेत. ते प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करावे.

१. तेल जेवण रांधण्यापूर्वीं भरावें, मध्यें कधींहि नाहीं. मघाशीं सांगितलेल्या हिशेबाचें प्रयोजन हेंच. मोजून भरलेला स्टोव्ह मध्येंच विझत नाहीं, आणि तापलेला स्टोव्ह उघडण्याचा प्रसंगच येत नाहीं.

२. तरीहि विझलाच, तर अन्न अर्धेंकच्चें राहूं द्यावें. स्टोव्ह पुरता निवूं द्यावा. निदान पाव तास थांबावें, आणि बर्नरजवळ तळहात नेला असतां ऊब लागत नाहीं असें पाहूनच पुढें जावें.

३. स्टोव्ह उचलून, दिवा, चूल, उदबत्ती यांपासून दूर, उघड्या हवेंत न्यावा. उजेडास विजेरीच घ्यावी.

४. आधीं हवा सोडण्याची चावी हळूहळू उघडावी, आवाज पूर्ण थांबूं द्यावा, मग झाकण काढावें.

५. बाटलीवरील नांव मोठ्यानें वाचावें आणि दुसऱ्यानें ‘बरोबर’ म्हणावें. रॉकेलाच्या स्टोव्हांत पेट्रोलाचा थेंबहि जातां कामा नये.

६. नरसाळें लावून टाकी तीन-चतुर्थांशच भरावी. वरची जागा हवेची.

७. झाकण व चावी घट्ट करावी, सांडलेलें पुसावें, फडकें दूर ठेवावें, हात धुवावे, अंगावर तेल उडालें असल्यास कपडे बदलावे. भरली त्या जागीं पेटवूं नये; स्टोव्ह निराळ्या जागीं नेऊन पेटवावा.

स्पिरिटाच्या स्टोव्हास आणखी एक नियम. ज्योत दिसत नाहीं म्हणून ती विझली असें समजूं नये. जळत्या वाटींत बाटलीनें स्पिरिट ओतलें तर ज्वाळा धारेवरून बाटलींत शिरते, आणि बाटलीच्या तोंडांतून पिचकारीसारखी समोरच्याच्या अंगावर जाते. झांकणी घालून विझवावें, वाटी हातांत धरवेल इतकी निवावी, मग लहान मापानें ओतावें. बाटली तत्पूर्वींच बंद करून दूर ठेवलेली असावी.

पेटवल्यावर

स्टोव्ह राहुटींत पेटवूं नये. आगीचें भय तर आहेच; पण कोंडलेल्या जागीं अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या ज्योतींतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड १९३४ सालीं अंटार्क्टिकावर एकटे एका झोंपडींत राहिले असतां शेगडीच्या व विजेच्या यंत्राच्या या विषारी वायूनें मरतां मरतां वांचले. डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें, तर तत्काळ मोकळ्या हवेंत यावें.

आगगाडींतून स्टोव्ह व तेल नेणें हा गुन्हा आहे. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यान्वयें त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. हा नियम कठोर वाटतो त्यांनीं ऑगस्ट २०२३ मधील मदुराईची गोष्ट आठवावी. स्थानकानजीक उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यांत चोरून आणलेल्या गॅसच्या सिलिंडरामुळें आग लागली आणि ९ जण मरण पावले. तेल मुक्कामीं पोंचल्यावर मिळवण्याची व्यवस्था आधींच करावी.

स्टोव्हाजवळ वाळूची बादली आणि भिजवलेलें पोतें पेटवण्यापूर्वींच ठेवावें. जळत्या तेलावर पाणी फेंकूं नये. तेल पाण्यावर तरंगून आग पसरवतें. कपडे पेटले तर धांवूं नये. जमिनीवर आडवें होऊन लोळावें. भाजलेल्या भागावर वीस मिनिटें थंड, वाहतें पाणी सोडावें. शाई, टूथपेस्ट, हळद कांहीं लावूं नये. कोणी रॉकेल प्यालें तर त्यास वांति करवूं नये, कारण तें फुप्फुसांत उतरतें. थेट डॉक्टरांकडे न्यावें.

पालकांस आमची एक विनंति आहे. घरांत आजी-आजोबा असतील, माळ्यावर जुना स्टोव्ह असेल, तर तो एकदां खालीं काढावा आणि आजीस त्याच्याविषयीं बोलतें करावें. तेल मध्यें संपलें तर ती काय करीत असे, एवढें विचारावें. ‘थांबत असूं’ हेंच उत्तर बहुधा मिळेल. वरील सात नियमांचें सार त्या दोन शब्दांत आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, स्टोव्ह ज्याच्या हातीं असेल त्याला ‘लवकर’ म्हणूं नका. आमच्या त्या विद्यार्थ्याचें आतां लग्न झालें आहे. मधून मधून तो भेटावयास येतो. चहा ठेवावयास आम्ही उठतों, आणि बोलणें संपेपर्यंत चुलीवरची नजर काढीत नाहीं. तो हंसतो. त्याच्या आईचा प्रश्न आम्हांस अजून ऐकूं येतो, हें त्याला ठाऊक आहे.